चाळीतला कांदा आणि मनातला भाव: न विकण्याच्या एका निर्णयाचा अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिक जिल्ह्यातील एका कांदा उत्पादक कुटुंबाचे आणि 2025 सालच्या उन्हाळ कांद्याचे आहे. ते कुटुंबाच्या संमतीने लिहिले आहे. ओळख पटू नये म्हणून गाव आणि काही कौटुंबिक तपशील बदलले आहेत, आणि आकडे सोयीसाठी जवळच्या पूर्ण संख्येत घेतले आहेत. निर्णयात तिघांचा सहभाग होता: साठीच्या उंबरठ्यावरचे अण्णा, बाजार समितीत माल घेऊन जाणारा त्यांचा थोरला मुलगा आणि घरचा जमाखर्च वहीत टिपून ठेवणारी सून. शेवटचा शब्द अण्णांचा असे, आणि त्याबद्दल घरात कुणाची तक्रार नव्हती.

उन्हाळ कांद्याची लागवड साधारण डिसेंबर-जानेवारीत होते आणि काढणी मार्च ते मे या काळात. हा कांदा टिकतो, म्हणून तो चाळीत, म्हणजे हवा खेळती राहणाऱ्या साठवणीच्या शेडमध्ये, साठवता येतो आणि खरिपाचा लाल कांदा बाजारात येईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, देशाची गरज मुख्यतः या साठ्यावरच भागते. चाळ ही शेतकऱ्याच्या हातातली मोठी गोष्ट आहे. भाजीपाला पिकवणाऱ्याला लिलावात पुकारलेला भाव निमूटपणे घ्यावा लागतो, कारण माल परत नेऊन उपयोग नसतो. कांदेवाल्याला मात्र चाळीमुळे काही महिने का होईना, ‘या भावाने देत नाही’ असे म्हणता येते. पुढे जे घडले त्याचा अर्थ लावताना हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण न विकण्यात केवळ पैशाचा नव्हे, तर मानाचाही भाग असतो.

आधीची दोन वर्षे या कुटुंबाला चांगली गेली होती. 2023 मध्ये केंद्र सरकारने 19 ऑगस्टला निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावले, ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य ठरवले आणि डिसेंबरात थेट निर्यातबंदी केली. मात्र या सगळ्याच्या मध्ये, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, भाव चढले होते आणि नेमक्या त्याच दिवसांत अण्णांनी चाळ फोडून माल विकायला काढला होता. 2024 मध्ये त्यांनी जूनमध्ये 80 क्विंटल कांदा क्विंटलला 2,450 रुपयांनी विकला आणि उरलेला सप्टेंबरात सरासरी 4,100 रुपयांनी. त्या वर्षी त्यांच्या चुलतभावाने जूनमध्ये एक पाटीही बाहेर काढली नव्हती. सगळा माल सप्टेंबरात देऊन त्याने दसऱ्याला नवा ट्रॅक्टर दारात उभा केला. पुढचे कित्येक महिने लग्नकार्यात, सोसायटीच्या बैठकीत, अगदी दहाव्याच्या कार्यक्रमालाही ‘अण्णा, ऐंशी क्विंटलची घाई केलीत’ हे वाक्य त्यांना ऐकावे लागले.

प्रश्न

2025 च्या हंगामात तीन एकरांत सुमारे 320 क्विंटल कांदा निघाला. गोल्टी (बारीक कांदा), जोड (जुळे कांदे), डेंगळे (फुलदांडा आलेले कांदे) आणि थोडा चांगला माल मिळून 70 क्विंटल काढणीच्या वेळीच सरासरी 1,050 रुपयांनी विकला गेला. उरलेला 250 क्विंटल, म्हणजे चाळीच्या पूर्ण क्षमतेइतका, चाळीत गेला. सुनेच्या वहीप्रमाणे घरच्यांची मजुरी धरून उत्पादन खर्च क्विंटलला 1,150 रुपयांच्या आसपास आला होता.

प्रश्न दिसायला साधा होता: हा 250 क्विंटल कांदा केव्हा आणि किती टप्प्यांत विकायचा? मात्र त्या वर्षी तीन गोष्टी आधीच्या दोन वर्षांपेक्षा वेगळ्या होत्या, आणि तिन्हींची माहिती कुटुंबाला मे अखेरपर्यंत झालेली होती.

पहिली गोष्ट पिकाच्या आकारमानाची. मार्च 2025 मध्ये केंद्राने 1 एप्रिलपासून तोवर लागू असलेले 20 टक्के निर्यात शुल्क रद्द करण्याची घोषणा केली. त्याच घोषणेत यंदाचे रब्बी उत्पादन 227 लाख टन, म्हणजे मागील वर्षीच्या 192 लाख टनांपेक्षा 18 टक्क्यांहून अधिक असल्याचा अंदाजही दिलेला होता. दुसरी गोष्ट पावसाची. मे महिन्यात अवकाळी पाऊस झाला आणि मान्सूनही लवकर आला. केरळात तो 24 मे रोजीच पोचला होता. कुटुंबाचा शेवटचा एक एकर कांदा त्या वेळी शेतात पोळ घालून, म्हणजे वाळण्यासाठी पातीसकट ओळीत पसरून, पडला होता. वरून ताडपत्री होती, पण पाणी खालून गेले. तिसरी गोष्ट त्यातूनच आलेली: माना पुरत्या न वाळलेला तो कांदा मजूर पुन्हा मिळणार नाहीत म्हणून घाईने खांडून (पात कापून), दोन दिवस सावलीत पसरून, बाकीच्या मालाबरोबरच चाळीत भरला गेला.

समोर असलेले पर्याय

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात चांगल्या मालाला 1,500 रुपये भाव मिळत होता. त्या दिवसांत घरात झालेल्या बोलण्यातून चार पर्याय पुढे आले.

सगळा कांदा तेव्हाच विकावा, हा पर्याय कुणी गंभीरपणे मांडला नाही. तो फक्त नाकारण्यापुरता बोलला गेला. निम्मी चाळ मोकळी करावी आणि उरलेली निम्मी ठेवावी, हे मुलाचे मत होते. त्याचे कारणही व्यवहारी होते: ओला माल कुठल्या कप्प्यांत आहे हे त्याला माहीत होते आणि आधी तोच काढावा असे त्याला वाटत होते. तिसरा पर्याय सरकारी राखीव साठ्यासाठी शेतकरी कंपन्यांमार्फत होणाऱ्या खरेदीत माल देण्याचा होता. पैसे वेळेवर येतील की नाही या शंकेने तो मागे पडला. चौथा पर्याय थांबण्याचा. तो मांडावा लागला नाही. काहीच न करता तो आपोआप अमलात येणार होता, आणि हेच त्याचे सर्वांत मोठे बळ होते.

मुलगा म्हणाला, “अण्णा, निम्मी चाळ तरी मोकळी करू. ओला माल आत आहे, तो किती टिकंल सांगता येत नाही.” त्यावर अण्णांचे उत्तर होते, “मागच्या वर्षी ऐंशी क्विंटल तुझ्याच सांगण्यावरून दिला. एक लाख बत्तीस हजार गेले त्यात. आता पुन्हा नको.” यानंतर मुलगा बोलला नाही. जूनचा निर्णय या दोन वाक्यांत झाला.

ही रक्कम कुठून आली हे पाहण्यासारखे आहे. 4,100 मधून 2,450 वजा केले तर 1,650 रुपये उरतात आणि 80 क्विंटलने गुणले की 1 लाख 32 हजार होतात. गणित बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट धरलेली नाही. जूनमधला 80 क्विंटल कांदा सप्टेंबरात 80 क्विंटल राहिला नसता. चाळीत त्याची घट होऊन फार तर 66 क्विंटल उरला असता, आणि त्याचे 2 लाख 70 हजार आले असते. जूनमध्ये मिळालेले 1 लाख 96 हजार वजा केले तर प्रत्यक्ष फरक 75 हजारांच्या आत येतो. तीन महिने लवकर हातात आलेल्या पैशाचा फायदा धरला तर तो आणखी कमी होतो. म्हणजे वर्षभर अण्णांना सलत असलेला आकडा खऱ्या नुकसानीच्या जवळजवळ पावणेदोन पट होता. घट शेतात आणि चाळीत दिसते, स्मरणात ती कधीच दिसत नाही. या प्रकरणातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा धागा हाच आहे, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तीच चूक पुन्हा झाली.

काय घडले

जुलै तसाच गेला. भाव थोडा उतरला, पण ‘आवक जास्त आहे, महिनाभरात कमी होईल’ असे सगळेच म्हणत होते.

ऑगस्टच्या मध्याला मुलाने अण्णांना सांगून एका कप्प्याच्या बाजूच्या पट्ट्या काढल्या. वरचा थर पाहताना काळजीचे कारण दिसत नव्हते. पापुद्रे कोरडे होते, हात घातला की सळसळत होते. कोपरभर आत गेल्यावर मात्र कांदा हाताला कोमट लागला. त्याखाली पापुद्र्यांवर काजळी धरलेली होती, मानेशी बोट दाबले की ते आत जात होते, आणि तळाच्या बांबूंवर सडलेल्या कांद्याचा रस ओघळून वाळलेला होता. त्या कप्प्यातून निवडून 20 क्विंटल कांदा निघाला, तो 1,250 रुपयांनी गेला.

हा दुसरा आणि माझ्या मते निर्णायक क्षण होता. जूनमध्ये अनिश्चितता होती. ऑगस्टमध्ये मालाच्या स्थितीबद्दल प्रत्यक्ष पुरावा हातात आला होता. बाकीचे कप्पे लगेच फोडून निवडणी करावी, सड बाजूला काढावी आणि टिकणारा माल तेवढा पुन्हा ठेवावा किंवा विकावा, ही मुलाची सूचना होती. निवडणीची मजुरी वाढेल आणि ‘हात लावला की कांदा जास्त बिघडतो’ या कारणास्तव ती मान्य झाली नाही. त्यातला दुसरा मुद्दा अगदीच निराधार नाही, उलथापालथीत कांद्याला इजा होते हे खरे आहे. पण सडलेला कांदा शेजारच्या चांगल्या कांद्याला बिघडवतो हेही तितकेच खरे आहे, आणि ते त्या दिवशी कुणी उच्चारले नाही. अण्णा म्हणाले, “इतके दिवस थांबलो, आता पोळा होऊ दे.”

पोळा झाला. मग गणपती उठेपर्यंत थांबायचे ठरले, मग पितृपक्षात भाव पडलेलाच असतो म्हणून दसऱ्यापर्यंत. प्रत्येक वेळी ठरवलेला सण येई आणि मुदत पुढच्या सणावर जाई. सुनेने वहीच्या मागच्या पानावर या तारखा एकाखाली एक लिहून ठेवल्या होत्या. त्या तिने कुणाला दाखवण्यासाठी लिहिल्या नव्हत्या, पण नंतरच्या चर्चेत कोणत्याही आकड्यापेक्षा त्या पानाचा उपयोग जास्त झाला.

याच काळात अण्णांच्या मोबाइलवर तीन गटांतून रोज संदेश येत होते: बांगलादेश आयात उघडणार, दक्षिणेतला कांदा पावसात गेला, व्यापाऱ्यांकडे माल नाही. यांतल्या काही बातम्यांत तथ्य होतेही. पण सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात केंद्राने राखीव साठ्यातला कांदा शहरांत 24 रुपये किलोने विकायला सुरुवात केली, आणि त्या वर्षीच्या एकूण उत्पादनाचा सुधारित अंदाज मागील वर्षापेक्षा सुमारे 27 टक्के जास्त असल्याचे जाहीर झाले. या दोन्ही बातम्या त्याच गटांत आल्या होत्या. त्या वाचल्या गेल्या, पण त्यांचे वजन कुणी धरले नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दिवाळी तोंडावर आली. पुढच्या हंगामाच्या रोपांसाठी बियाणे घ्यायचे होते, मजुरांची उचल द्यायची होती. चाळ फोडली गेली ती भाव चढला म्हणून नव्हे, तर पैसे लागले म्हणून. भाव हजाराच्या आसपास होता.

हिशोब

ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला मिळून 138 क्विंटल चांगला माल सरासरी 1,020 रुपयांनी विकला गेला. 17 क्विंटल खाद, म्हणजे खराब झालेला हलका माल, 350 रुपयांनी गेली. ऑगस्टमधले 20 क्विंटल धरून चाळीतल्या मालाचे एकूण 1 लाख 72 हजार रुपये आले. भरलेल्या 250 क्विंटलपैकी 75 क्विंटल वजन घट आणि सड यांत गेले. ते कुठल्याही काटापट्टीवर लिहिलेले नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सहा टक्के घट धरून 235 क्विंटल माल 1,500 रुपयांनी दिला असता तर 3 लाख 52 हजार रुपये मिळाले असते. मुलाच्या म्हणण्याप्रमाणे निम्मा तेव्हा आणि निम्मा प्रत्यक्षात विकला तसा विकला असता, तर सुमारे 2 लाख 62 हजार. ओला माल आधी निघाला असता म्हणून ही रक्कम प्रत्यक्षात याहून जास्तच भरली असती.

यापेक्षा उपयोगी हिशोब मात्र जूनमध्येच करता आला असता, आणि त्यासाठी पुढचा भाव माहीत असण्याची गरज नव्हती. 1,500 रुपयांच्या भावाशी ऑक्टोबरात नुसती बरोबरी करायची तर किती भाव मिळायला हवा? चाळीत चतुर्थांश माल जातो असे अण्णा स्वतःच नेहमी सांगत. तेवढे धरले तरी उत्तर सुमारे 1,900 रुपये येते. प्रत्यक्षात झालेली घट आणि खाद दोन्ही वगळली तर 2,200. कुटुंबातले तिघेही जूनमध्ये असे समजून चालले होते की 1,500 च्या वर मिळालेला प्रत्येक रुपया नफा आहे. 1,700 चा भाव आला असता तर सगळ्यांनी समाधान मानले असते, आणि तो तोट्याचा सौदा ठरला असता.

निर्णयामागे काय होते

गावात या प्रकरणाचा निकाल एका शब्दात लागला: हाव. मला तो निकाल मान्य नाही, आणि तो केवळ अन्यायकारक आहे म्हणून नव्हे. तो चुकीचा असल्यामुळे त्यातून पुढच्या वर्षासाठी काहीही हाती लागत नाही. हाव असलेला माणूस जास्तीत जास्त मिळवण्यामागे असतो. अण्णांशी सविस्तर बोलल्यावर दिसले ते वेगळेच. 4,100 पुन्हा मिळतीलच अशी त्यांची खात्री नव्हती. आपण विकला आणि नंतर भाव चढला, हे पुन्हा घडू नये, एवढेच त्यांना हवे होते. ते भविष्यातल्या पश्चात्तापापासून स्वतःला वाचवत होते.

डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा गाभा असा आहे की माणूस फायदा-तोटा एकूण संपत्तीवरून मोजत नाही, तर मनाशी धरलेल्या एखाद्या आधारबिंदूवरून मोजतो, आणि त्या बिंदूच्या खालचा तोटा त्याला तेवढ्याच फायद्यापेक्षा बराच जास्त झोंबतो. शिवाय आपण तोट्यात आहोत असे वाटू लागले की तो निश्चितपणे पत्करण्याऐवजी माणूस जोखीम घ्यायला तयार होतो. वहीतल्या खर्चाचा, म्हणजे 1,150 चा, आधार घेतला असता तर जूनमधले 1,500 हा फायदा होता. अण्णांच्या मनातला बिंदू मात्र 4,100 होता आणि त्या हिशोबाने 1,500 हा जबर तोटा होता. एकच भाव सुनेला वहीत नफा म्हणून दिसत होता आणि सासऱ्यांना नुकसान म्हणून. या दोघांत मतभेद आहे हेही कुणाच्या लक्षात आले नाही, कारण दोघे कशापासून मोजतात हे कधी बोललेच गेले नाही.

शेअर बाजारातही असेच घडते. हर्श शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन यांनी 1985 मध्ये दाखवून दिले की गुंतवणूकदार वाढलेले शेअर लवकर विकतात आणि पडलेले धरून बसतात, कारण विकले की कागदावरचा तोटा पक्का होतो. पण शेअर धरून ठेवला तर निदान त्याची संख्या कमी होत नाही. कांद्याचे तसे नाही. इथे थांबण्याची किंमत रोज वजनातून वळती होते. त्यामुळे शेअर बाजारात महाग पडणारी ही सवय चाळीत अधिकच महाग पडते.

दुसरी गोष्ट, न विकणे हा निर्णय आहे असे घरात कुणालाच वाटत नव्हते. विकायचे तर पिकअप सांगावी लागते, मजूर लावावे लागतात, पहाटे निघून लिलावात उभे राहावे लागते, आणि भाव कमी पुकारला गेला तर त्याची जबाबदारी नेणाऱ्यावर येते. न विकण्यासाठी काहीच करावे लागत नाही आणि त्याचा दोष कुणाच्याही नावावर लागत नाही. तो बाजारावर, सरकारवर किंवा पावसावर जातो. मुलगा जूनमध्ये एका वाक्यानंतर गप्प का झाला, याचे उत्तर इथे आहे. मागच्या वर्षीच्या 80 क्विंटलचा दोष त्याच्या नावावर आधीच लिहिलेला होता. पुन्हा आग्रह धरून पुन्हा भाव चढला असता, तर घरात त्याचा शब्द कायमचा हलका झाला असता. तो आपली पत सांभाळत होता, जसे अण्णा भाऊबंदांत आपली सांभाळत होते.

तिसरी बाब आधीच्या दोन वर्षांच्या यशाची आहे, आणि ती सर्वांत फसवी आहे. 2023 आणि 2024 मध्ये थांबणे फळले. पण थांबण्यामागची विचारपद्धत तेव्हाही हीच होती. घटीचा हिशोब तेव्हाही झाला नव्हता, मुदत तेव्हाही ठरली नव्हती. निकाल चांगला आला म्हणून पद्धत चांगली मानली गेली. मार्चच्या घोषणेतला शुल्क रद्द झाल्याचा भाग अण्णांना तोंडपाठ होता आणि त्याच घोषणेतला 18 टक्के जादा उत्पादनाचा भाग आठवत नव्हता, यामागेही हीच दोन वर्षे होती. ज्याची वाट पाहायची हे ठरलेले असते, त्याच बाजूची बातमी मनात टिकते.

इथे एक काळजी घेतली पाहिजे. आज निकाल माहीत असल्यामुळे जूनमध्ये सगळे स्पष्ट होते असे वाटू लागते. तसे ते नव्हते. निर्यातीचे निर्णय मधूनच बदलतात, एका आठवड्याच्या पावसाने भाव दुप्पट होऊ शकतो, आणि 2025 मध्येही तसे घडले असते तर हाच लेख अण्णांच्या धीराबद्दल लिहिला गेला असता. थांबणे हीच चूक होती असे म्हणता येणार नाही. किती मालासाठी, कोणत्या भावाच्या अपेक्षेने आणि कधीपर्यंत थांबायचे, हे न ठरवता थांबणे ही चूक होती. ज्या धोरणांची दिशा शेतकऱ्याला चार महिने आधीही कळत नाही, त्यांच्या छायेत घेतलेल्या निर्णयाचा सगळा भार त्याच्या मनोवृत्तीवर टाकणेही योग्य नाही.

वेगळे काय करता आले असते

मे महिन्यात भिजलेला एक एकराचा माल वेगळ्या कप्प्यांत, वरच्या बाजूला खूण करून भरला असता तर ऑगस्टची पाहणी जुलैतच झाली असती. हे चाळीचे तंत्र आहे, पण त्याचा निर्णयावर थेट परिणाम होतो: कुठला माल आधी जाणार हे दिसत असले की ‘सगळे किंवा काहीच नाही’ असा प्रश्न उभा राहत नाही.

जूनमध्ये बरोबरीच्या भावाचा तक्ता वहीत लिहायला हवा होता. महिन्यागणिक अपेक्षित घट आणि आजच्या भावाशी बरोबरी साधणारा त्या महिन्याचा भाव, एवढ्या दोन ओळी पुरेशा होत्या. असा तक्ता समोर असता तर आधारबिंदू मागच्या वर्षीच्या 4,100 वरून या वर्षीच्या आकड्यांवर आला असता. बिंदू मनातून काढून टाकता येत नाही. त्याच्या जागी दुसरा ठेवावा लागतो.

गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी सुचवलेली एक पद्धत अशा कुटुंबांना फार उपयोगी आहे. निर्णय अमलात आणण्यापूर्वी सगळ्यांनी असे गृहीत धरायचे की तो फसला आहे, आणि मग तो का फसला असावा हे प्रत्येकाने सांगायचे. एरवी मुलाने ‘कांदा सडेल’ म्हणणे हा वडिलांना विरोध ठरतो. कांदा सडलाच आहे असे धरून कारण शोधायला सांगितले की तेच बोलणे कामात मोडते, आणि वडीलधाऱ्यांचा मान राखून शंका मांडायची वाट मोकळी होते. ऑगस्टमध्ये हे केले असते तर शेजारच्या कप्प्यांचा मुद्दा नक्की पुढे आला असता, कारण मुलाला तो माहीत होता.

टप्प्याटप्प्याने विकण्याचा सल्ला नेहमीच दिला जातो, आणि मीही तो देतो. पण त्याची किंमत सांगूनच द्यायला हवा. 2024 सारख्या वर्षी तीन टप्प्यांत विकणारा माणूस चुलतभावापेक्षा कमी कमावतो आणि ते त्याला वर्षभर ऐकावे लागते. टप्पे पाडल्याने सर्वोत्तम भाव मिळत नाही, सर्वांत वाईट भावात सगळा माल सापडत नाही एवढेच. ज्या घराला दिवाळीत बियाण्यासाठी पैसे हवे असतात, त्या घरासाठी हे एवढेच पुष्कळ आहे.

निष्पत्ती आणि पुढचा हंगाम

सुनेने तारखांचे ते पान पहिल्यांदा सगळ्यांसमोर ठेवले तेव्हा अण्णा बराच वेळ ते वाचत होते. ‘मी दर वेळी पुढची तारीख दिली, हे खरं आहे,’ एवढेच ते म्हणाले आणि पुढचा हंगाम कसा करायचा यावर बोलू लागले. घरात दोषारोप झाले नाहीत, याचे श्रेय या पानाला आणि ते ठेवण्याच्या पद्धतीला आहे.

पुढच्या उन्हाळ कांद्यासाठी कुटुंबाने काही गोष्टी वहीत लिहून ठरवल्या आहेत. चाळीतल्या मालाचे तीन भाग मानायचे. पहिला भाग जूनअखेर विकायचा, भाव काहीही असो, आणि त्यासाठी मुलाने कुणालाही विचारायचे नाही. या शेवटच्या अटीवर अण्णांनी स्वतःहून जोर दिला: भाव नंतर चढला तरी त्याबद्दल घरात किंवा घराबाहेर बोलायचे नाही, असेही त्यांनीच लिहायला सांगितले. दुसऱ्या भागासाठी बरोबरीचा तक्ता पाहायचा. तिसरा भाग अण्णांचा. तो ते हवा तेव्हा विकतील. हा तिसरा भाग ठेवावा असे मी सुचवले होते, कारण थांबण्याचा अधिकार पूर्णपणे काढून घेतला तर चाळ बांधण्याचा अर्थच उरत नाही, आणि असा नियम पहिल्याच तेजीत मोडला जातो.

एका मुद्द्यावर अजून एकमत झालेले नाही. दुसरा भाग कोणत्याही परिस्थितीत कधीपर्यंत विकून संपवायचा, याची शेवटची तारीख सुनेला 31 जुलै हवी आहे आणि अण्णा पोळ्याच्या अलीकडे यायला तयार नाहीत. पोळा दर वर्षी वेगळ्या तारखेला येतो, म्हणून वहीत इंग्रजी तारीखच लिहावी असा सुनेचा आग्रह आहे. मुलाने तूर्त 15 ऑगस्ट लिहिले असून त्याच्या बाजूला दोघांच्या सह्यांसाठी जागा सोडली आहे. काढणी सुरू होण्यापूर्वी त्या व्हाव्यात अशी त्याची इच्छा आहे, कारण चाळ एकदा भरली की हे बोलणे पुन्हा त्या दिवशीच्या भावावरच येऊन थांबेल.